गृहीतक सिद्ध झाले

प्रबंधाच्या शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य येते. ‘वरील विश्लेषणावरून गृहीतक क्रमांक एक सिद्ध झाले आहे.’ पाठोपाठ तेच वाक्य दोन नंबरच्या, मग तीन नंबरच्या गृहीतकासाठी. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केले आहे की शेवटी शेवटी कागदाकडे न बघता बोटे आपोआप चालत.

एका विद्यापीठाच्या दारात माझे आधी टंकलेखनाचे आणि पुढे डीटीपीचे दुकान होते. १९९१ साली गोदरेजच्या मराठी टंकयंत्रावर सुरुवात केली, २०१८ साली दुकान बंद केले. माझे शिक्षण बारावीपर्यंत आणि टायपिंगचे मिनिटाला चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र. या काळात तीनशेच्या वर प्रबंध आणि प्रबंधिका हाताखालून गेल्या. त्यात राज्यशास्त्राच्या सर्वांत जास्त, खालोखाल वाणिज्य आणि वित्त. शिवाय जवळच अभियांत्रिकी महाविद्यालय असल्यामुळे एम.टेक.ची मुले येत; त्यांपैकी बायोमेडिकल इंजिनिअरिंगवाल्यांची कामे माझ्याकडे जास्त, कारण समीकरणे नीट बसवून देणारा त्या रस्त्यावर मी एकटा होतो. टाइप करणारा माणूस मजकूर वाचत नाही अशी समजूत आहे. मी वाचत असे. माझे जे काही शिक्षण झाले ते त्याच खुर्चीत झाले, म्हणून त्या लिखाणाविषयी कडवट बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे आणि थोडा संकोचही आहे.

कादंबरीवर, कवितासंग्रहावर आपण परीक्षणे लिहितो. प्रबंध हाही लेखनाचाच प्रकार आहे, त्यालाही घाट असतो, निवेदक असतो, शेवट असतो. पण मार्गदर्शक आणि दोन परीक्षक सोडले तर त्याच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. पदवीसाठीची औपचारिकता म्हणून आपण तो सोडून देतो. मला वाटते तसे सोडून देऊ नये.

राज्यशास्त्राचा प्रबंध वेदकाळात सुरू होतो. विषय असतो अमुक तालुक्यातील महिला सरपंचांची भूमिका, ‘एक चिकित्सक अभ्यास’. (या ‘चिकित्सक’ शब्दाची चिकित्सा कोणी तरी करायला हवी.) आधी सभा आणि समिती येतात, मग कौटिल्य, मग लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठराव, १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, १९६० ची वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ रोजी सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, पुढे बोंगिरवार समिती, पी. बी. पाटील समिती आणि त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. तालुका उगवतो तो दीडशेव्या पानाच्या पुढे. विद्यार्थी सरळ म्हणत, “काका, ते दुसरं प्रकरण तुमच्याकडं असेलच की.” असायचेच. बहुतेक वेळा मी नाही म्हणालो. दोन-तीनदा नाही म्हणालो नाही.

वित्त आणि बँकिंगच्या प्रबंधात इतिहास कमी आणि तक्ते जास्त. शंभर उत्तरदाते, पाच पर्यायांची प्रश्नावली, काय-वर्ग चाचणी. ३.८४ हा आकडा मला पोरांच्या जन्मतारखांइतका पाठ आहे. चाचणीचे उत्तर याच्या वर गेले की शून्य गृहीतक नाकारायचे आणि संशोधकाचे गृहीतक स्वीकारायचे. पण मुळात गृहीतक काय असे? ‘सहकारी बँकेच्या सेवेबद्दल ग्राहक समाधानी आहेत.’ आणि हे ग्राहक विचारलेले कुठे? तर बँकेच्याच शाखेत, काउंटरसमोर, शाखाधिकाऱ्यांच्या परवानगीने. असमाधानी ग्राहक केव्हाच खाते बंद करून गेलेला. जे विधान खोटे ठरायची सोयच ठेवलेली नाही, ते तपासायला तीन वर्षे आणि तीनशे पाने कशाला हवीत, हा प्रश्न मला पडायचा. विचारण्याची माझी जागा नव्हती.

या प्रबंधांच्या संदर्भसूचीत एक नोंद वारंवार यायची: ‘आंबेडकर, बी. आर., द प्रॉब्लेम ऑफ द रुपी.’ साल कुणी १९२३ देई, कुणी १९४७, एकाने १९३२. आतल्या मजकुरात मात्र त्या पुस्तकातले अवतरण क्वचितच दिसे. एकदा सालाची खात्री करावी म्हणून शासकीय ग्रंथागारातून महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा सहावा खंड आणला. माझे इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने चालणारे. तो खंड वाचायला मला दीड वर्ष लागले. पण त्यानंतर टाइप करायला आलेल्या प्रत्येक प्रबंधाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

त्या खंडात बाबासाहेबांचे तीन अभ्यास आहेत. पहिला, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार, हा १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेला, चाळीसेक पानांचा. दुसरा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती. हा कोलंबियाचा पीएच.डी.चा प्रबंध, पुस्तकरूपाने १९२५ साली लंडनला निघाला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह, सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला. तिसरा रुपयाचा प्रश्न. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला डी.एस्सी.चा प्रबंध.

दुसऱ्यापासून बोलतो, कारण आमच्याकडच्या राज्यशास्त्राच्या आणि वित्ताच्या दोन्ही प्रबंधांचा तो थोरला भाऊ आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने सगळा पैसा कलकत्त्याच्या हातात गेला. १८७१ पासून लॉर्ड मेयोच्या योजनेने प्रांतांना आधी ठरावीक रकमा मिळू लागल्या, १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी नेमून दिल्या गेल्या, १८८२ पासून उत्पन्नात वाटा मिळू लागला. ही वाटचाल सरकारी अहवालांतून विकेंद्रीकरणाची म्हणून सांगितली जाई. प्रांत स्वायत्त होत चालले आहेत, हे वाचणाऱ्याला आपोआप पटे. एखाद्या साध्या विद्यार्थ्याने हेच गृहीतक धरून शेवटी ‘सिद्ध झाले’ लिहिले असते. बाबासाहेब टप्प्याटप्प्याने आकडे मांडतात आणि विचारतात: प्रांताला स्वतःच्या अधिकाराने कर बसवता येतो का? कर्ज काढता येते का? मध्यवर्ती सरकारने मंजूर केल्याशिवाय खर्च वाढवता येतो का? उत्तरे बघता प्रांत हे स्वतंत्र घटक नसून एकाच सरकारची खाती होती, फक्त त्यांचा हिशेब वेगळा मांडला जाई. नावात बदल झाला तरी सत्ता जागची हललेली नाही, हे त्यांनी जमाखर्चातून दाखवले. जिल्हा परिषदांवरचे इतके प्रबंध मी टाइप केले. जिल्हा परिषदेच्या उत्पन्नातले किती पैसे ती स्वतः उभे करते आणि किती वरून बांधून येतात, हा प्रश्न मुख्य प्रश्न म्हणून विचारणारा एकही मला आठवत नाही. संदर्भसूचीत मात्र बाबासाहेब सगळ्यांकडे.

‘रुपयाचा प्रश्न’ वाचायला अवघड आहे, पण तिढा समजला की रहस्यकथेसारखा ओढतो. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती. १८७० नंतर जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले, चांदीचा भाव कोसळला आणि रुपयाही. इंग्लंडला पौंडांत भरायच्या रकमा सरकारला जड झाल्या. १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या, सरकारसाठी चालू ठेवल्या. त्यातून जी व्यवस्था वाढली तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात: देशात चांदीचा रुपया, आणि परदेशी देणी भागवताना तो ठरलेल्या दराने सोन्यात बदलायची हमी. या व्यवस्थेचा सर्वांत बुद्धिमान वकील होता जॉन मेनार्ड केन्स. त्याचे हिंदी चलनावरचे पुस्तक १९१३ साली आलेले. बाबासाहेब त्याचे नाव घेऊन विरोधात उभे राहतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विनिमयाचा दर स्थिर दिसतो म्हणून तुम्ही खूश आहात, पण बाजारात रुपयाला काय मिळते ते स्थिर आहे का? सरकारला हवे तेव्हा रुपये पाडता येतात आणि ते परत आटवण्याची सक्ती कुणावरच नाही, तेव्हा किमती चढणारच.

आणि इथे तो प्रबंध चलनशास्त्राच्या बाहेर पाऊल टाकतो. रुपया घसरला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असे त्या काळी अनेक हिंदी पुढारीही मानत. बाबासाहेब विचारतात, फायदा नेमका कोणाचा? किमती वाढतात तितकी मजुरी लगेच वाढत नाही. व्यापाऱ्याच्या खिशात जे जादा पडते ते मजुराच्या ताटातून काढलेले असते. देशाच्या नावावर एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे पैसा जातो. म्हणजे सरकारी बाजूचे तज्ज्ञ आणि राष्ट्रीय बाजूचे उद्योजक, दोघांचीही गृहीतके हा बत्तीस वर्षांचा संशोधक एकाच प्रबंधात उलटवतो.

हा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला, ऑगस्ट १९२३ मध्ये पुन्हा सादर करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये स्वीकारला गेला. तो फार ब्रिटिशविरोधी होता म्हणून अडला, असे आपल्याकडे सांगितले जाते. त्या संस्थेच्या दप्तरात मात्र तसा पुरावा नाही आणि या दंतकथेची गरजही नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती एडविन कॅनन यांची प्रस्तावना. ते बाबासाहेबांचे अध्यापक. लेखकाच्या बऱ्याचशा टीकेशी आपण सहमत नाही, असे ते प्रस्तावनेतच सांगून टाकतात. आणि तरीही या विचारांतला ताजेपणा आपल्याला चेतवतो, हेही लिहितात. मार्गदर्शकाशी असहमत असणारा प्रबंध, आणि ती असहमती छापून देणारा मार्गदर्शक. दुकानातल्या सत्तावीस वर्षांत ऋणनिर्देशाची पाने मी शेकड्यांनी टाइप केली. ‘सरांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय हे कार्य अशक्य होते’ असे सगळे. ‘सरांचे आणि माझे या मुद्द्यावर पटले नाही’ असे एकही नाही.

बायोमेडिकल हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी, मानवी शरीर मोजण्याच्या शास्त्रात एका मराठी बाईने असाच प्रबंध लिहिला. इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे, ‘परिपूर्ती’ आणि ‘भोवरा’मधल्या लेखांमुळे माहीत आहेत. त्यांची डॉक्टरेट मात्र कवट्यांवर आहे. मुंबईला घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. केल्यावर १९२८ साली, सासरे धोंडो केशव कर्वे यांना पसंत नसताना, त्या बर्लिनला गेल्या. तिथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. जर्मन वसाहतीतल्या नैऋत्य आफ्रिकेत मिश्र वंशाच्या माणसांची मोजमापे करून नाव मिळवलेले हे गृहस्थ. गोऱ्या माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू जास्त असमान असते आणि त्या असमानतेचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंना नेमून दिलेले काम म्हणजे ही धारणा मोजून दाखवणे. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या, युरोपीय आणि युरोपाबाहेरच्याही. असमानता सगळ्यांतच होती. वंशाशी तिचा संबंध दिसला नाही. तसे त्यांनी लिहून दिले. पुढे तीनच वर्षांनी, १९३३ साली, फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्यांच्या संस्थेतले शास्त्र नाझी राजवटीच्या कामी आले.

इथे इरावतीबाईंची आरती ओवाळून थांबणे सोपे आहे. पण पुण्याला डेक्कन कॉलेजात आल्यानंतरही त्यांनी जातीजातींच्या माणसांची डोकी आणि नाके मोजणे चालूच ठेवले. बर्लिनमध्ये एक निष्कर्ष नाकारला, मोजण्याची पद्धत मात्र बरोबर घेऊन आल्या. मला यात त्यांचा कमीपणा दिसत नाही. स्वतःच्या मोजमापाने मार्गदर्शकाचे विधान खोटे ठरवणे ही एक पायरी झाली. मोजायचे काय आणि कशासाठी, हे विचारणे ही दुसरी, आणि ती चढायला कदाचित एक आयुष्य पुरत नाही.

ही दुसरी पायरी मला एम.टेक.च्या मुलांच्या कामात रोज आठवायची. त्यांचे विषय बहुधा हृदयाच्या ठोक्यांचे असत: ईसीजीच्या रेघेवरून संगणकाने बिघडलेला ठोका ओळखायचा. सुरुवातीला मला वाटले, ही मुले इथल्याच एखाद्या इस्पितळातून ईसीजी आणत असतील. मग लक्षात आले, आकृत्यांखाली तेच ते क्रमांक येताहेत: रेकॉर्ड १००, रेकॉर्ड ११९, रेकॉर्ड २०८. या सगळ्या नोंदी एकाच संचातल्या, एमआयटी-बीआयएच नावाच्या. १९७५ ते १९७९ या काळात बॉस्टनच्या बेथ इस्रायल इस्पितळात घेतलेल्या, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी. माणसे ४७, कारण एका पुरुषाच्या दोन आहेत. सुमारे एक लाख दहा हजार ठोके, त्यातला प्रत्येक तज्ज्ञांनी तपासून खूण केलेला. १९८० साली हा संच संशोधकांसाठी खुला झाला आणि तेव्हापासून जगभर याच सत्तेचाळीस माणसांची हृदये पुन्हा पुन्हा वाचली जात आहेत. त्यातली कित्येक माणसे तेव्हाच साठी-सत्तरीच्या पुढची होती.

सामाईक संच वापरणे ही चूक नव्हे. उलट तराजू एकच असला तरच दोन पद्धतींची तुलना होते, आणि तो संच बनवणाऱ्यांचे काम थोर आहे. खोट दुसरीकडे आहे. संगणकाला शिकवायला काही ठोके द्यायचे आणि परीक्षेला काही राखून ठेवायचे, ही पद्धत. पण अनेक प्रबंधांत एकाच माणसाचे निम्मे ठोके शिकवणीला आणि निम्मे परीक्षेला असत. मास्तरांनी फळ्यावर सोडवलेली गणितेच पेपरात घालावीत तसे. अचूकता मग ९८ टक्के, ९९ टक्के. २००४ साली आयर्लंडमधल्या संशोधकांनी या संचाची वेगळी वाटणी केली. पेसमेकरवाल्यांच्या चार नोंदी वगळून २२ नोंदी शिकवणीला, दुसऱ्या २२ परीक्षेला. दोन नोंदींचा तो एक पुरुष सोडला, तर शिकवलेला माणूस परीक्षेत नाही. अनोळखी माणसासमोर यंत्राचा कस लागतो आणि टक्केवारी खाली येते. हे जाहीर झाल्यानंतरही कितीतरी वर्षे माझ्याकडे जुन्याच वाटणीचे प्रबंध येत राहिले, कारण नव्या वाटणीने आकडा पडतो. आणि तिसरा प्रश्न, म्हणजे उन्हात ऊस तोडणाऱ्या बाईच्या ईसीजीवर हे यंत्र कसे चालेल, हा तर ‘भावी संशोधनाची दिशा’ या शेवटच्या अर्ध्या पानात. तिथून तो पुढे कुठे गेलेला मी पाहिला नाही.

मुलांना दोष देणे सोपे आहे. मी त्यांना रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या तारखेच्या धास्तीने माझ्या दुकानात डुलक्या घेताना पाहिले आहे. २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीला गुण मोजले जाऊ लागले तशी गर्दी वाढली. २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणी रद्द. संगणक जुळणारे शब्द मोजतो. गृहीतक खोटे ठरण्याची सोय होती का, हे तो मोजत नाही. परीक्षकाने मोजायचे असते.

आता जे मला सांगायचे आहे ते सांगतो. एक शिक्षिका होत्या. नोकरी, दोन मुले सांभाळून पीएच.डी. करत होत्या. विषय ग्रामसभेतल्या महिला सदस्यांचा. गृहीतक सरळ होते: बाई जितकी शिकलेली तितकी ग्रामसभेत जास्त बोलते. त्या शाखेत किंवा कार्यालयात बसून प्रश्नावल्या भरून घेणाऱ्या नव्हत्या. गावोगाव फिरून, सभेत मागे बसून कोण किती वेळ बोलते ते वहीत टिपून आणले होते. आणि त्यांच्या वहीत ते जुळेना. शाळेत न गेलेल्या, पण बचत गटात वर्षानुवर्षे पैशांचा हिशेब ठेवलेल्या बाया भांडत होत्या. दहावी-बारावी झालेल्या गप्प होत्या. बाईंनी निष्कर्षात लिहिले: गृहीतक सिद्ध होऊ शकले नाही. ते का झाले नाही यावर अकरा पाने लिहिली. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या मजकुरातली ती सर्वांत चांगली अकरा पाने.

दोन आठवड्यांनी त्या परत आल्या. सरांनी सांगितले होते, गृहीतक सिद्ध न झालेला प्रबंध बाहेरचे परीक्षक अडवतात, उगाच वर्ष जाईल. आकड्यांना हात लावायचा नव्हता. फक्त पहिल्या प्रकरणातले एक वाक्य बदलायचे: ‘बचत गटाच्या सदस्यत्वामुळे महिलांचा ग्रामसभेतील सहभाग वाढतो.’ मग शेवटी आपोआप ‘सिद्ध झाले’. अकरा पाने काढायची, कारण आता त्यांत समजावण्यासारखे काही उरले नव्हते.

“काका, खोटं तर काही नाही ना यात?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “नाही मॅडम, आकडे तेच आहेत.” आणि वाक्य बदलले. मिनिटभराचे काम होते. त्याचे पैसेही घेतले नाहीत.

मला तोवर कॅनन यांची प्रस्तावना माहीत होती. कवट्यांची गोष्ट पुढे कळली.

गेल्या वर्षी शोधगंगेवर त्यांचा प्रबंध सापडला. पहिले प्रकरण उघडून ते वाक्य शोधले. आमच्या वेळचा फॉन्ट युनिकोड नव्हता. पडद्यावर अक्षरे नीट दिसतात, पण उचलून दुसरीकडे ठेवली की नुसता रोमन लिपीचा आणि चिन्हांचा कचरा होतो. शोधयंत्राला ते वाक्य सापडणार नाही. काढलेली अकरा पाने त्यांच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्यांसह माझ्याकडे एका फायलीत आहेत. बाई आता स्वतः मार्गदर्शक आहेत, असे ऐकतो. ती पाने त्यांना पाठवावीत म्हणून पाकीट आणून ठेवले आहे.